कार फ्रीज घेताना लिटर शेवटी बघा

गाडीत ठेवायचा फ्रीज घ्यायचं ठरलं की पहिला प्रश्न हमखास येतो, 'किती लिटरचा घेऊ?' प्रश्न बरोबर आहे, पण तो सगळ्यात शेवटी विचारायचा आहे. कारण 'कार फ्रीज', 'कूलर बॉक्स', 'मिनी फ्रीज' अशा नावांखाली जे विकलं जातं, ती आतून अगदी वेगवेगळी यंत्रं असतात. बाहेरून सगळी सारखीच: प्लास्टिकचा डबा, वर झाकण, बाजूला जाळी, एक काळी वायर आणि तिच्या टोकाला लायटर सॉकेटमध्ये बसणारी पिन. यातला एक डबा तापलेल्या डिकीतही बर्फ जमवून दाखवतो. दुसऱ्याला त्याच डिकीत दूधसुद्धा टिकवता येत नाही. जाहिरातीतल्या फोटोवरून यातलं काहीच कळत नाही.

फरक कळायला एक गोष्ट आधी पक्की करू. थंडी नावाची वस्तू डब्यात भरता येत नाही. आपल्या हातात दोनच गोष्टी असतात: आतली उष्णता बाहेर काढायची, आणि बाहेरची आत शिरू लागली की तिला जमेल तितका उशीर लावायचा. भोक पडलेल्या होडीसारखंच आहे हे. भोक लहान असेल तर पाणी कमी येतं, पण जे येतं ते उपसत राहावंच लागतं. इथे भोक म्हणजे डब्याच्या भिंती, आणि उपसणारा म्हणजे बर्फ किंवा यंत्र.

आता थोडं गणित करू, कारण पुढचं सगळं त्यावरच उभं आहे. समजा ४० लिटरचा डबा आहे, भिंतीत ४ सेंटीमीटर जाडीचा पॉलियुरेथेन फोम आहे, बाहेर ४० अंश सेल्सिअस आणि आत ४ अंश. झाकण घट्ट बंद असलं तरी भिंतींतून साधारण २० वॅट उष्णता सतत आत झिरपत राहते. फोम निम्म्या जाडीचा असेल तर हीच गळती जवळपास दुप्पट. २० वॅट ऐकायला किरकोळ वाटतात, पण २४ तासांत त्याचे ४८० वॅट-तास होतात. एक किलो बर्फ वितळताना ३३४ किलोज्यूल, म्हणजे सुमारे ९३ वॅट-तास उष्णता शोषतो. म्हणजे आत काहीही न ठेवता, एकदाही झाकण न उघडता, फक्त भिंतींची गळती भरून काढायलाच दिवसाला पाच किलोच्या आसपास बर्फ लागतो.

आणि आता त्यात सामान भरा. ३५ अंशांवर असलेलं दहा लिटर पाणी ५ अंशांपर्यंत आणायचं तर सुमारे ३५० वॅट-तास उष्णता काढावी लागते. बर्फाच्या भाषेत पावणेचार किलो. भिंतींच्या गळतीशी तुलना केली तर जवळपास साडेसतरा तासांची गळती एका फटक्यात आत ओतल्यासारखं. म्हणून निघताना कोमट बाटल्या डब्यात कोंबायच्या आणि दुपारी 'हा डबा काही थंड करत नाही' म्हणायचं, यात डब्याचा दोष फारसा नसतो. सगळं सामान आदल्या रात्री घरच्या फ्रीजमध्ये थंड करा, डबाही आतून थंड करून घ्या. यापेक्षा मोठा फायदा देणारी दुसरी युक्ती मला माहीत नाही, आणि तिला एक पैसाही पडत नाही.

नुसता बर्फाचा डबा

यंत्र नसलेला, जाड भिंतींचा आइसबॉक्स हा या सगळ्यातला सगळ्यात दुर्लक्षित आणि माझ्या मते बहुतेकांना पुरेसा असलेला पर्याय. त्याला वायर नाही, बॅटरीची चिंता नाही, बिघडण्यासारखं काही नाही. सकाळी निघून रात्री मुक्कामी पोचायचं असेल, किंवा वाटेत बर्फ मिळत असेल, तर याच्या पुढे जायची गरजच नाही. अडचण जागेची. बर्फ निम्मा डबा सहज खातो, त्यामुळे ४० लिटरच्या डब्यात सामान वीसच लिटरचं मावतं.

बर्फाचा मोठा ठोकळा सावकाश वितळतो, चुरा पटकन वितळतो पण सामानाला चहूबाजूंनी भिडून ते लवकर गार करतो. म्हणून दोन्ही थोडे थोडे ठेवलेले बरे. वितळलेलं पाणी लगेच काढून टाकायची घाई करू नका. ते शून्य अंशांच्या जवळपासच असतं आणि सामानाला हवेपेक्षा कितीतरी चांगलं भिडतं. नवा बर्फ घालायच्या वेळी ते काढा. अर्थात पाण्यात भिजून खराब होणाऱ्या वस्तू बंद डब्यात हव्यात, आणि कच्चं मांस किंवा मासे असतील तर त्यांचं पाणी बाकी खाण्याला लागणार नाही अशा बेताने. रिकामी जागा राहिली तर जास्तीच्या बर्फाने किंवा थंड बाटल्यांनी भरून टाका, कारण झाकण उघडलं की आतली गार हवा जाते आणि तिच्या जागी गरम हवा येते. पिण्याचं पाणी वेगळ्या छोट्या डब्यात ठेवलं तर मोठ्या डब्याचं झाकण दर दहा मिनिटांनी उघडत नाही.

कोरड्या बर्फाबद्दल एक सावधगिरी. तो उणे ७८.५ अंशांवर असतो, काम झकास करतो, पण वितळत नाही. त्याचा थेट कार्बन डायऑक्साइड वायू होतो. काचा बंद असलेल्या गाडीत हा वायू साठला तर माणूस गुदमरू शकतो. घट्ट झाकणाच्या डब्यात साठला तर डबा फुटू शकतो. प्रवाशांच्या गाडीत त्याच्या वाटेला न गेलेलं बरं.

पेल्टिअरचा डबा

१८३४ साली झाँ पेल्टिअर या फ्रेंच माणसाला, घड्याळांचा धंदा सोडून विज्ञानाकडे वळलेला होता तो, असं दिसलं की दोन वेगळ्या धातूंच्या सांध्यातून वीज सोडली की एक सांधा गार होतो आणि दुसरा तापतो. आज त्यासाठी धातूंऐवजी अर्धसंवाहक वापरतात, आणि बिस्किटाएवढ्या चौकोनी पट्टीला आत एक आणि बाहेर एक पंखा लावला की 'थर्मोइलेक्ट्रिक' कार फ्रीज तयार होतो. हलका, स्वस्त, गॅस नाही, कॉम्प्रेसर नाही. विजेची दिशा उलटी केली की तोच डबा गरमही होतो, म्हणून त्यावर 'कूल' आणि 'हॉट' असं बटण असतं.

दुखणं असं की ही पट्टी उष्णता उपसायला फार वीज मागते. ५० वॅट वीज घेऊन ती जेमतेम १५ ते २५ वॅट उष्णता बाहेर टाकते. या डब्यांच्या भिंतीही सहसा पातळ असतात. त्यामुळे आत आणि बाहेर साधारण २० अंशांचा फरक पडला की भिंतींतून येणारी आणि पट्टीने काढलेली उष्णता फिटंफाट होते, आणि गाडं तिथेच अडतं. म्हणूनच खोक्यावर 'बाहेरच्या तापमानापेक्षा १८ ते २० अंश कमी' असं बारीक अक्षरात लिहिलेलं असतं. ही ओळ या सगळ्या खरेदीत सगळ्यात महत्त्वाची आहे. एसी चालू असलेल्या २५ अंशांच्या केबिनमध्ये हा डबा ५-७ अंशांपर्यंत जातो, उत्तम. पण उन्हात लावलेली बंद गाडी आतून ५० अंशांच्या वर सहज जाते. मग डब्यात ३० अंश. त्या डब्यात ठेवलेलं दही दुपारपर्यंत आंबणारच.

आणखी दोन बारकावे. बऱ्याच स्वस्त डब्यांत थर्मोस्टॅट, म्हणजे हवं ते तापमान आलं की यंत्र थांबवणारा भाग, नसतो, त्यामुळे ते सतत पूर्ण वीज घेत चालतात, गरज असो वा नसो. आणि वीज बंद केली की तीच पट्टी उष्णतेला आत यायचा सरळ रस्ता बनते. साध्या आइसबॉक्सला हा दरवाजा नसतो. त्यामुळे बंद पेल्टिअर डबा हा बंद आइसबॉक्सपेक्षा लवकर तापतो. एसी गाडीतल्या चार-पाच तासांच्या प्रवासात आधीच गार केलेल्या बाटल्या गार ठेवायला हा डबा ठीक. त्याला फ्रीज म्हणणं हे मात्र विक्रेत्याचं औदार्य.

कॉम्प्रेसरचा फ्रीज

हा खरा फ्रीज, घरच्यासारखाच. आत एक द्रव कमी दाबाखाली उकळतो आणि उकळताना आतली उष्णता घेतो. कॉम्प्रेसर त्या वाफेला दाबून बाहेरच्या जाळीत पाठवतो. तिथे तिचं पुन्हा द्रव होतं आणि उष्णता बाहेर पडते. गाडीसाठी हेच छोट्या, १२ किंवा २४ व्होल्टवर चालणाऱ्या कॉम्प्रेसरने केलं जातं. एक वॅट वीज घेऊन तो एक ते दोन वॅट उष्णता बाहेर काढतो, म्हणजे पेल्टिअरच्या कितीतरी पट. बाहेर कितीही तापलेलं असो, आत ४ अंश म्हटलं की ४ आणि उणे १८ म्हटलं की उणे १८, आणि हवं ते तापमान आलं की तो थांबतो. या थांबण्यातच बॅटरी वाचते.

'कितीही' म्हणालो त्याला मर्यादा आहे, आणि ती पाटीवर 'क्लायमेट क्लास' म्हणून छापलेली असते. एन म्हणजे बाहेर ३२ अंशांपर्यंत, एसटी म्हणजे ३८, टी म्हणजे ४३. उन्हाळ्यात डिकीत ठेवायचा असेल तर टी नसलेला फ्रीज घेऊ नका.

त्याची जाळी सामानाखाली दाबली गेली तर उपसलेली उष्णता जायला वाट राहत नाही आणि कॉम्प्रेसर उगाच चालत राहतो. भरलेल्या डिकीत हे हमखास होतं. जाळीच्या बाजूला वीतभर नाही तरी चार बोटं जागा मोकळी ठेवा. गाडी चढावर तिरकी झाली तर सहसा बिघडत नाही, पण फ्रीज आडवा टाकून आणला असेल तर चालू करण्याआधी काही तास उभा ठेवा. कॉम्प्रेसरमधलं तेल नळ्यांत गेलेलं असतं, ते परत खाली यायला वेळ लागतो.

चौथा एक प्रकार आहे, शोषण पद्धतीचा. त्यात अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन असतं आणि तो चक्क उष्णतेवर चालतो, मग ती गॅसच्या ज्योतीची असो वा विजेच्या हीटरची. १९२२ मध्ये बाल्टझार फॉन प्लाटेन आणि कार्ल मुंटर्स या दोन स्वीडिश विद्यार्थ्यांनी तो बनवला. अजिबात आवाज करत नाही. पण त्याला सपाट जागा लागते, १२ व्होल्टवर तो वीज भसाभस खातो, आणि चालत्या गाडीत ज्योत पेटती ठेवणं हा विचारच नको. कॅराव्हॅनमध्ये शोभतो, डिकीत नाही.

इंजिन बंद झाल्यावर काय?

खरेदीचा निकाल या प्रश्नावर लागतो. गाडी चालू असताना ऑल्टरनेटर, म्हणजे इंजिनच्या जोरावर वीज बनवणारं यंत्र, वीज देत असतो, तेव्हा कुठलाही डबा चालतो. प्रश्न रात्रीचा.

गाडीची बॅटरी समजा ६० अँपिअर-तासांची आहे, म्हणजे कागदावर एक अँपिअर करंट ६० तास देऊ शकणारी. आकडा मोठा दिसतो, पण ही बॅटरी क्षणभर जबरदस्त करंट देऊन इंजिन फिरवायला बनवलेली असते, रात्रभर हळूहळू रिकामी व्हायला नाही. निम्म्याच्या खाली वारंवार गेली तर ती लवकर मरते. आता ४५ वॅटचा कॉम्प्रेसर घ्या. चालू असताना साधारण ४ अँपिअर घेतो, पण दर तासातली वीसच मिनिटं चालतो. सरासरी सव्वा-दीड अँपिअर. दहा तासांत १३-१४ अँपिअर-तास. बॅटरी धडधाकट असेल तर सकाळी गाडी सुरू होईल. त्याच रात्री ५० वॅटचा पेल्टिअर डबा न थांबता ४ अँपिअर घेत राहतो, दहा तासांत ४० अँपिअर-तास. सकाळी किल्ली फिरवल्यावर फक्त कट्कट् आवाज येतो, आणि मग जंपर केबलवाला शोधत फिरायचं.

हे टाळायला चांगल्या फ्रीजमध्ये बॅटरीचं रक्षण करणारी सोय असते: व्होल्टेज ठरावीक पातळीच्या खाली गेलं की फ्रीज आपणहून बंद होतो. तिच्या तीन पायऱ्या असतात: हाय, मीडियम, लो. इथे पुष्कळ जण फसतात. त्यांना वाटतं 'हाय' म्हणजे जास्त थंड. तसं नाही. 'हाय' म्हणजे व्होल्टेज बऱ्यापैकी वर असतानाच फ्रीज माघार घेतो आणि गाडीसाठी वीज शिल्लक ठेवतो. 'लो' म्हणजे बॅटरी जवळजवळ पिळून काढेपर्यंत चालत राहतो. फ्रीज गाडीच्या बॅटरीवर असेल तर 'हाय', वेगळ्या बॅटरीवर असेल तर 'लो'.

आता गंमत अशी की 'हाय'वर ठेवल्यावर काही जणांचा फ्रीज बॅटरी भरलेली असतानाही बंद पडतो, आणि दोष फ्रीजवर येतो. खरा चोर असतो वायर. तीन मीटर लांबीची, १ चौरस मिलिमीटर जाडीची वायर घ्या. वीज जाऊन परत येते म्हणजे तांबं सहा मीटर. ४ अँपिअरला त्यात सुमारे ०.४ व्होल्ट वाटेतच हरवतात. विसावलेली भरलेली बॅटरी १२.६-१२.७ व्होल्ट दाखवते आणि निम्मी १२.२. म्हणजे भरलेल्या बॅटरीवरचा फ्रीज निम्मी बॅटरी पाहतोय असं समजतो, आणि बॅटरी थोडीशी उतरली की लगेच बंद. त्यात लायटर सॉकेटची स्प्रिंग गचक्यांनी सैल होते, संपर्क तापतो, आणखी थोडे व्होल्ट जातात. फ्रीज नेहमी वापरायचा असेल तर बॅटरीपासून थेट डिकीपर्यंत जाड वायर टाकून घ्यावी, २.५ चौरस मिलिमीटर किंवा त्याहून जाड, आणि बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज. हे काम जाणत्या ऑटो इलेक्ट्रिशियनकडूनच. घ्यायच्या आधी हेही बघा की तुमच्या गाडीतलं सॉकेट किल्ली काढल्यावर चालू राहतं का. अनेक गाड्यांत नाही राहत.

दोन-तीन दिवस एकाच ठिकाणी मुक्काम असेल तर वेगळी बॅटरी किंवा पॉवर स्टेशन (सॉकेट बसवलेली, उचलून नेता येणारी मोठी बॅटरी) घ्यावंच लागतं. १०० अँपिअर-तासांच्या लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीत सुमारे १,२८० वॅट-तास असतात आणि त्यातले बहुतेक वापरता येतात. आपल्या ४० लिटरच्या फ्रीजला उन्हाळ्यात दिवसाला ३००-४०० वॅट-तास धरले तर तीनेक दिवस निघतात. पॉवर स्टेशनला फ्रीज जोडताना १२ व्होल्टचीच पिन वापरा. भिंतीच्या प्लगसारख्या सॉकेटला जोडलात तर वीज आधी २३० व्होल्ट करून मग फ्रीजच्या अॅडॉप्टरने पुन्हा खाली उतरवली जाते, आणि या चढउतारात बराच वाटा नुसताच तापून जातो.

खाणं, औषध आणि थर्मामीटर

नाशवंत पदार्थ ५ अंश किंवा त्याखाली हवेत. ५ ते ६० अंशांच्या पट्ट्यात जिवाणू झपाट्याने वाढतात. दोन तासांपेक्षा जास्त वेळ तिथे राहिलेला पदार्थ खाऊ नये, आणि हवा ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. म्हणजे 'थोडंसं गार' राहणं पुरेसं नाही. पाण्याच्या बाटलीला १५ अंश चालतात, चिकनला नाही.

इन्सुलिन नेणाऱ्यांनी जास्त सावध असावं. न उघडलेलं इन्सुलिन २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं, आणि ते एकदा गोठलं की टाकूनच द्यावं लागतं, पुन्हा वितळून दिसायला ठीक वाटलं तरी. वरून उघडणाऱ्या कॉम्प्रेसर फ्रीजमध्ये तळ आणि आतली भिंत सगळ्यात थंड असते. पडद्यावर ३ अंश दिसत असताना भिंतीला टेकलेली वस्तू गोठू शकते. औषध छोट्या डब्यात, वरच्या बाजूला, भिंतीपासून दूर. बर्फाच्या डब्यातही ते बर्फाला चिकटवून ठेवू नये.

म्हणून एक साधा स्वतंत्र थर्मामीटर घ्याच. फ्रीजवरचा आकडा सेन्सर जिथे बसवलाय तिथला असतो, तुमच्या दुधाजवळचा नव्हे.

मग आता लिटर

लिटरपेक्षा आतल्या मापांकडे बघा. एक लिटरची बाटली उभी मावते का? कॉम्प्रेसरचा उंचवटा आत किती जागा खातो? डिकीत फ्रीज ठेवल्यावर झाकण पूर्ण उघडतं, की वरच्या शेल्फला अडतं? ४० लिटरचा कॉम्प्रेसर फ्रीज रिकामाच १५ किलोच्या आसपास असतो. भरल्यावर तो दोन माणसांनी उचलायचा ऐवज होतो. आणि अचानक ब्रेक लागला तर तो सुटा राहता कामा नये. डिकीतल्या हुकांना पट्ट्याने बांधा.

घेतल्यावर पहिल्याच प्रवासाला निघू नका. पाण्याच्या बाटल्यांनी फ्रीज भरा, मध्यभागच्या बाटलीला थर्मामीटर लावा, आणि उन्हात उभ्या गाडीत इंजिन बंद ठेवून, 'हाय' लावून, दुपारी बारापासून दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत चालू द्या. सकाळी तीन गोष्टी बघायच्या: बाटली किती अंशांवर आहे, मध्येच फ्रीज बंद पडला होता का, आणि गाडी पहिल्या फटक्यात सुरू होते का. तिसरीचं उत्तर 'नाही' आलं तर बॅटरी आधी बदला; ती बहुधा फ्रीज यायच्या आधीपासूनच थकलेली असते.